वामनरावांची कॅसेट

लोक मला विचारतात, तुम्हाला गाजलेले पिक्चर आवडत नाहीत का हो? आवडतात की. पण गाजलेल्या पिक्चरला माझी गरज काय? त्याला पाहायला अख्खा महाराष्ट्र बसलाय. जो पिक्चर शुक्रवारी लागला आणि सोमवारी उतरला, ज्याचं पोस्टर दुसऱ्या पोस्टरखाली कायमचं गाडलं गेलं, त्याच्यासाठी माझा जीव तुटतो. असे पिक्चर थेटरात मेले तरी कधीकधी व्हिडिओ कॅसेटवर किंवा सीडीवर मागे उरतात. कोणीतरी छोटा कंपनीवाला हक्क स्वस्तात उचलतो, कव्हरवर भलत्याच नटीचा फोटो छापतो, पडद्याच्या तळाशी स्वतःचा फोन नंबर सरकवत ठेवतो आणि सीडी असली तर ऐन भांडणाच्या मधोमध पहिली चकती संपवतो. या लोकांना मी रोज शिव्या घालतो आणि मनातल्या मनात त्यांचे पायही धरतो. ते नसते तर हे पिक्चर निघाले होते हेही कोणाला कळलं नसतं.

मी सुगत. अमरावतीला जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात आहे. आमच्या घरात एक लोखंडी कपाट आहे, ते मायाच्या वडिलांनी लग्नात साड्यांसाठी दिलं होतं. आज त्यात कॅसेटी आहेत आणि साड्या दिवाणाच्या पोटात. माया, म्हणजे माझी बायको, याचा राग वर्षातून दोनदा काढते. एकदा घर झाडताना आणि एकदा माहेरचं कोणी आलं की.

बरीच वर्षं मी एका पिक्चरच्या मागावर होतो. 'मांडवाखालचं ऊन', अठ्ठ्याऐंशी सालचा. मूर्तिजापूरच्या पुढे, शकुंतला गाडीच्या रुळाला लागून असलेल्या एका गावात मुक्काम ठोकून काढलेला. दिग्दर्शकानं त्याआधी काही केलं नव्हतं आणि नंतरही काही केलं नाही. पिक्चर अकोल्यात एका थेटरात लागला आणि गेला. अमरावतीत लागलाच नाही. त्याची प्रिंट कुठं आहे हे सांगणारं कोणी उरलं नाही. मात्र त्याची व्हिडिओ कॅसेट निघाली होती, एवढं एका जुन्या मासिकातल्या जाहिरातीवरून मला ठाऊक होतं. ती जाहिरात मी इतक्या जणांना दाखवली, की ऑफिसात मला पाहून लोक चहाला पळायचे.

शेवटी सुगावा लागला तो अकोल्याच्या खुशालरावांकडे. गांधी रोडवर त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. आता त्याच दुकानात त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो आणि खुशालराव दाराशी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवत बसतात.

"होती ना," ते म्हणाले. "माह्याच लायब्ररीत होती. एका शेतकऱ्यानं इकत नेली. वामनराव नावाचा माणूस. मूर्तिजापूरकडचा."

"लायब्ररीची कॅसेट विकली तुम्ही? एकुलती एक?"

"इकली. तुले काय त्रास झाला? तू तवा चड्डीत होता."

मला बोलायचं पुष्कळ होतं, पण मी पत्ता विचारला. पत्ता त्यांना माहीत नव्हता. गावाचं नाव तेवढं आठवत होतं. तेवढ्यावर मी दोन रविवार घालवले आणि वामनरावांपर्यंत पोचलो, तर वामनराव दोन वर्षांपूर्वी वारलेले. शेत मुलाकडे, मुलगा पुण्याला, आणि मुलगी मूर्तिजापुरात अंगणवाडी सेविका. भागीरथाताई. वय पन्नाशीच्या पुढचं, एकटीच राहणारी, बोलणं मोजकं आणि नजर अशी, की माणूस आपोआप नीट बसतो.

मी जय भीम घातला, नाव सांगितलं, काम सांगितलं. पिक्चरचं नाव ऐकल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

"तुमाले त्या पिच्चरचं कोणं सांगतलं?"

"कोणी नाही, ताई. मला असले पिक्चर जमवायचा नाद आहे."

"नाद," ती म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात रुमालात बांधलेली कॅसेट होती. तिच्यावर 'खुशाल व्हिडिओ' अशी चिकटपट्टी. कॅसेटच्या खिडकीतून आतली पट्टी दिसत होती आणि तिच्या कडेला पांढरी बुरशी आली होती. हात पुढे केला, तर ताईनं कॅसेट मांडीवर ठेवून घेतली.

"आधी ऐका," ती म्हणाली.

पिक्चरची माणसं तिच्या गावात उतरली तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. सोयरीक अकोटकडची. पिक्चरमध्ये नायकाच्या बहिणीच्या लग्नाचा एक प्रसंग होता आणि त्या बहिणीचं काम करणारी मुलगी तापानं फणफणून नागपूरला परत गेली. दिग्दर्शक गावात मुलगी शोधत फिरला. भागीरथाताई नाकीडोळी नीट होती. वामनरावांनी पाहुण्याचा मान म्हणून हो म्हटलं, पण एक अट घातली. मांडव घाला, अंतरपाट धरा, माळ घालू द्या, पण गळ्यात डोरलं, म्हणजे मंगळसूत्र, बांधायचं नाही. बांधलं की झालं. मग तो मांडव खरा की खोटा हे कोणी विचारत नाही.

"दिगदर्शकानं कबूल केलं," ती म्हणाली. "पन मांडवात खरेच गुरुजी बसोले, खऱ्याच अक्षदा वाटल्या. आख्खं गाव उभं होतं. बाबा माह्या मागंच होते. तेवढ्यात जनरेटरच्या आवाजानं आमचे बैल बुजले अन् गाडी घेऊन पळाले. बाबा त्याइच्या मागं धावले. इकडं त्या नटानं डोरलं हातात घेतलं, माह्या गळ्यापाशी आनलं, अन् दिगदर्शक म्हने, कट. माह्या मानंले दोरा बी लागला नाही, भाऊ. पन बाया माह्या पाठीकडून पाहून राहिल्या होत्या. त्याइले त्याचे दोन हात माह्या गळ्याभोवती दिसले. बाबा बैल धरून येईपर्यंत गावात झालं, वामनरावाच्या पोरीचं लगन लागलं."

महिन्याभरात अकोटकडच्यांनी नारळ परत पाठवला. त्यानंतर जे जे स्थळ आलं, त्याला कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असायचं. आईला तिनं खरं काय ते सांगितलं होतं. वडिलांपुढे असल्या गोष्टीला तोंड उघडायची त्या घरात रीत नव्हती. वामनराव तिच्यावर कधी रागावले नाहीत. मूर्तिजापुरात ती नोकरीला लागली तेव्हा तेही तिच्याकडे राहायला आले आणि शेवटपर्यंत तिथंच राहिले.

"ते गेल्यावर त्याइच्या पेटीत हे सापडलं. धोतराच्या घडीखाली. मले तं माहीतच नव्हतं बाबापाशी हे हाये म्हनून. आता मशीन कोठं भेटते? अन् भेटलं तरी कोणाच्या घरी नेऊन लावू? पिच्चरवाले काहीबी जोडतात म्हनते. न बांधलेलं बांधलं बी दाखवत असतीन. मले एकडाव पाहाचं हाये, त्याइनं काय दाखवलं ते. मी खरं बोलली का खोटं, ते त्यात असन."

मी म्हणालो की पट्टीला बुरशी आहे, ती साफ केल्याशिवाय लावली तर मशीन पट्टी खाईल. आठवडाभर द्या. तिनं विचार केला आणि कॅसेट माझ्या हातात ठेवली.

"रईवारी मी येते अमरावतीले. तवरोक कोणाले दाखवू नका. अन् तुमी पाहा, साफ करा, काय कराचं ते करा, पन त्या जाग्यावर काय हाये ते मले आधी सांगाचं नाही. मी माह्या डोळ्यानं पाहीन."

मी शब्द दिला. शब्द देताना आपण काय देतोय हे मला कळलं नव्हतं, मला फक्त कॅसेट दिसत होती.

मूर्तिजापूर ते बडनेरा हा प्रवास मी जन्मात विसरणार नाही. कॅसेट टॉवेलात, टॉवेल डब्याच्या पिशवीत, पिशवी छातीशी. लोहचुंबकानं कॅसेट पुसली जाते, हे मी कुठंतरी वाचलेलं. त्यामुळं मोबाइल पँटच्या मागच्या खिशात टाकला. शेजारी एक भाऊ भजनाचा स्पीकर घेऊन बसला, तर मी उठून दारापाशी उभा राहिलो. लोकांना वाटलं असेल, यानं पोटाशी बॉम्ब धरलाय. मनात दोन गोष्टी एकदम चालल्या होत्या. एक, 'मांडवाखालचं ऊन' माझ्याजवळ आहे, साऱ्या दुनियेत एकट्या माझ्याजवळ. दोन, याला काही झालं तर मी त्या बाईला काय तोंड दाखवू?

साफसफाईला दोन दिवसांची रजा घेतली. माझ्याकडे एक मोडका व्हीसीआर आहे, त्यातून पट्टी हातानं इंच इंच फिरवायची आणि मऊ कापडानं पुसायची, हेच काम. बुरशी उडते, म्हणून नाकाला फडकं. माया चहा ठेवून जायची आणि दारातूनच म्हणायची, "आपल्या पोरीचे कान असे पुसले असते तं पोरगी डॉक्टर झाली असती." मी पुढचा इंच फिरवायचो. पिक्चर साधारण अर्ध्यावर आला असेल, तिथं एका जागी कापड अडकलं. मी जरा जोर लावला. कापडाला तपकिरी रंग लागला. मी थोडा घाबरलो, पण पट्टी तुटली नव्हती, म्हणून पुढे गेलो.

गुरुवारी दुपारी चांगल्या मशीनमध्ये कॅसेट लावली. आधी कंपनीच्या नावाची फिरती चक्री, मग फोन नंबर, मग एका केसाच्या तेलाची जाहिरात. आणि मग पिक्चर.

काय पिक्चर आहे हो! मी एकटा बसून टाळ्या वाजवल्या. पहिल्याच दृश्यात शकुंतला गाडी येते, थांबते, कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही आणि स्टेशनमास्तर तरी हिरवा झेंडा दाखवतो. नायक जिनिंगमध्ये हमाल. तो कापसाच्या गंजीवर झोपलेला असतो आणि कॅमेरा घाई करत नाही, त्याचा श्वास वरखाली होतो तेवढंच पाहत बसतो. माणसं वऱ्हाडी बोलतात, आणि हसवण्यासाठी बोलत नाहीत, भांडण्यासाठी, रडण्यासाठी, भाव ठरवण्यासाठी बोलतात. त्या साली वऱ्हाडी माणसाला पिक्चरमध्ये गाढव करून नाचवत होते, तेव्हा या माणसानं हे काढलं आणि आपल्या लोकांनी ते चार दिवस चालू दिलं नाही. मला राग आला आणि रडूही आलं.

मग लग्नाचा प्रसंग. मांडव, अक्षता, सनई. अंतरपाट खाली येतो आणि मागे भागीरथाताई. अठरा वर्षांची. मान खाली, मुंडावळ्यांच्या आडून एकदा वर पाहते आणि परत खाली. नट माळ घालतो. ताटातून मंगळसूत्र उचलतो. दोन्ही हात पुढे नेतो.

आणि पडद्यावर पांढरे पट्टे. नुसते पट्टे, नुसतं वारूळ फुटल्यासारखं. आवाज मात्र शाबूत, सनई छान चाललेली. काही सेकंद तसंच. मग चित्र परत आलं तर शकुंतला गाडी शेतातून चाललेली. लग्न संपलेलं.

मी मागे घेतलं, परत लावलं. हात पुढे, पट्टे, गाडी. मशीनचं हेड, म्हणजे पट्टीवरून फिरणारं डोकं, साफ केलं, परत लावलं. दुसरा व्हीसीआर काढला, त्यावर लावलं. तेच. आधीचं चित्र आरशासारखं, नंतरचंही, आणि मधला तेवढा तुकडा खलास. मग मला ते कापड आठवलं. तपकिरी रंग लागलेलं कापड. मी केराच्या डब्यातून ते शोधून काढलं आणि हातात घेऊन बसलो. तो रंग म्हणजेच चित्र. मी एका बाईची अख्ख्या आयुष्याची साक्ष घासून काढली होती, आणि तीही साफ करण्याच्या नावाखाली.

शुक्रवारी ऑफिसात गेलो, पण एका टिपणीवर सही करायला तीन वेळा विसरलो. साहेब म्हणाले, तब्येत बरी नाही का? बरी नव्हतीच. फोन वाजला की वाटायचं तीच. घरी आल्यावर मायाला सगळं सांगितलं.

"आता?" ती म्हणाली.

"एक सुचून राहिलं मले," मी म्हणालो. "तिले सांगतो का साफ कराच्या आधी मी पायलं होतं. त्यात डोरलं बांधलं नव्हतं. मंग मशीननं पट्टी खाल्ली. तिचं मन तं शांत होईन."

"तुमी पायलं का?"

"नाही."

"मंग?"

"अवं, तिच्या भल्यासाठीच..."

"तिचं भलं का तुमची कातडी?" माया म्हणाली. "पस्तीस वर्षं लोकायनं न पाहता सांगतलं तिच्याबद्दल. तुमी बी तेच करा."

मला राग आला. राग आला कारण ती बरोबर होती. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. जेवताना, अंघोळ करताना मी ते मनात घोकत होतो, सरळ चेहऱ्यानं म्हणता येतंय का ते पाहत होतो.

शनिवारी सकाळीच अकोला गाठलं. कुठंतरी दुसरी कॉपी असेल, एखाद्या मित्राच्या लायब्ररीत, एखाद्या माळ्यावर, एवढीच आशा. खुशालराव खुर्चीवर होतेच. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कापडासकट. ते हसायला लागले.

"लेका, तू काय खराब करतं? ते जागा मी इकली तवाच मेलेली होती."

मला कळेना.

"वामनराव कापूस घेऊन येत अकोल्यात," ते म्हणाले. "गाडी अडत्याकडं लावली का इकडं. मागच्या खोलीत माह्याकडं टीव्ही अन् मशीन होतं, लोकायले तासावर लावून देत होतो. आला का ते कॅसेट मागे. आख्खा पिच्चर नाही पाहे. लग्नाच्या जाग्यावर आनाले लावे अन् म्हने, थांबव. थांबवलं का टीव्हीपाशी जाऊन उभा. मंग म्हने, जरासं मागं घे. थांबव. जरासं पुढं. थांबव. मले वाटे, बुढ्याचा नटीवर जीव आला का काय. थांबवून ठेवलं का हेड एकाच जाग्यावर घासत राहते, पट्टी टिकन का? तो आख्खा हंगाम तेच. आखरीले आखरीले तिथं धुरपटच दिसे, तरी पाहे. मी म्हटलं, वामनराव, माही कॅसेट मारून टाकली तुमी. तं म्हने, दे मंग मलेच. घरी मशीन नाही अन् कॅसेट घेऊन गेला. असं गिऱ्हाईक पायलं नाही मी."

"त्या जागी काय दिसायचं? तुम्ही पाहिलं असेल."

"मी कायले पाहू? माह्यं ध्यान गल्ल्याकडं."

खरं सांगतो, मला आनंद झाला. मी मोकळा झालो होतो. मी काही केलं नव्हतं. रस्त्यावर येऊन मी उसाचा रस प्यालो, आणि परतीच्या गाडीत जागाही मिळाली. मूर्तिजापूर स्टेशनावर गाडी थांबली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की मी सुटलो, पण उद्या ती बाई येणार आहे, आणि तिला मला हे सांगायचंय. आधी सांगायचं नाही, असा शब्द देऊन बसलो होतो. या वेळी भीती माझ्यासाठी नव्हती.

रविवारी ती सकाळच्या गाडीनं आली. हिरवी, काठाची साडी नेसून, हातात घरच्या शेवयांचा डबा. मायानं चहा दिला, तो तिनं अर्धाच घेतला. मी म्हणालो, "ताई, लावायच्या आधी एक सांगायचं होतं."

"आधी नाही," ती म्हणाली.

"पण ताई, त्या जागेबद्दलच..."

"भाऊ, आपलं काय ठरलं होतं?"

मी कॅसेट लावली. पिक्चर पहिल्यापासून लावू की तो प्रसंगच, असं विचारलं. पहिल्यापासून, ती म्हणाली. तिनं आजवर तो पाहिलाच नव्हता. मग आम्ही तिघं बसलो. ती गाव ओळखत होती. तो नारायणाचा गोठा, तो आमचा चिंचेचा कोपरा, तो म्हातारा गेला, ती बाई अजून आहे. हळूहळू तिचं अंग सैल झालं, एकदा तर ती हसली. मी एकदाही हसलो नाही. मी पडद्याकडे नाही, घड्याळाकडे पाहत होतो, आणि मायानं दोनदा मला कोपरानं ढोसलं.

सनई सुरू झाली तशी ती पुढे सरकून बसली. अंतरपाट खाली आला.

"हे मी?" ती म्हणाली. त्या वयातला तिचा एकही फोटो घरात नव्हता. "बाप्पा, केवढीशी होती मी."

मायानं तिच्या हातावर हात ठेवला. माळ पडली. मंगळसूत्र उचललं. हात पुढे गेले. पट्टे आले.

सनई वाजत राहिली. ती वाट पाहत राहिली, की चित्र आत्ता येईल. मग गाडी आली. ती माझ्याकडे वळली.

"हे काय झालं?"

माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. तीन दिवस घोकलेलं. मी पाहिलं होतं ताई, बांधलं नव्हतं. एवढंच तर म्हणायचं होतं, आणि तिनं विश्वासही ठेवला असता. मी मशीन थांबवलं.

"ताई, ती जागा गेलीय. मी आधी समजत होतो मीच घालवली. मी नाही घालवली. तिथं काय होतं ते मी पाहिलेलं नाही. आता कोणालाच दिसणार नाही."

"मंग कोणं घालवली?"

मी सांगितलं. कापसाची गाडी, मागची खोली, थांबव, मागं घे, परत थांबव. खुशालराव जसं बोलले होते तसंच, फक्त नटीचं तेवढं वगळून. सांगताना मला तिच्याकडे पाहवेना, म्हणून मी मशीनकडे पाहत बोललो.

मायानं पाणी आणलं, ते तिनं घेतलं आणि खाली ठेवलं.

"बाबा पाहे?"

"हो."

"एक हंगाम?"

"तसं खुशालराव म्हणतात."

"म्हनजे त्याइले बी समजलं नसन," ती म्हणाली. "समजलं असतं तं एकडाव पाहून थांबले असते. बांधलं दिसतं तं पट्टी फोडून टाकली असती, नसतं दिसतं तं गावात जाऊन सांगतलं असतं."

मी कॅसेट बाहेर काढली, रुमालात गुंडाळली आणि तिच्यापुढे ठेवली. तिनं ती हळूच माझ्याकडे सरकवली.

"ठेवा तुमच्यापाशी. पिच्चर चांगला हाये. दाखवा लोकायले."

"नक्की, ताई? गावातली माणसंही पाहतील."

"पाहू द्या."

ती उठली. मायानं तिला शेवयांचा डबा रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर भरली. मी तिला रिक्षापर्यंत सोडायला चपला घातल्या. दाराशी येऊन ती थांबली, एका हातानं चौकट धरली.

"त्या हंगामात बाबा अकोल्याहून आले का मीच पाय धुवाले पानी देत होती," ती म्हणाली. "लोटा हातात घेऊन बाबा माह्याकडं पाहत राहे. मले वाटे, थकले असतीन." तिचा आवाज चढला. मी तिचा आवाज चढलेला पहिल्यांदाच ऐकला. "अकोल्याले जाऊन त्या टीव्हीले इचारत होते, भाऊ! अन् मी घरातच होती. एक खेप मले इचारलं असतं, तं मी सांगतलं नसतं का?"